सराव म्हणायचं राहून गेलं

मामांनी आयुष्यभर लोकांची मापं घेतली. शिंप्याला बोलण्यापेक्षा ऐकायची सवय जास्त. गिऱ्हाईक सांगेल ते ऐकायचं, एकदा मोठ्याने म्हणून खात्री करायची आणि कात्री चालवायची. घरातलं बोलायचं खातं मामींकडे होतं आणि त्या ते दोन्ही हातांनी सांभाळायच्या.

मामी बोलायच्या त्या नुसत्या घरात नाही. हौशी रेडिओ क्लबचा मोठा बिनतारी सेट त्यांच्याकडेच होता, तिसऱ्या मजल्यावर, शिवणयंत्राशेजारच्या टेबलावर. वर गच्ची मोकळी, अँटेना उंच उभी राहायची. रोज सकाळी मामी माईकचं बटण दाबून हजेरी घ्यायच्या. कुणाचा आवाज स्वच्छ येतोय, कुणाची बॅटरी उतरली, कोण अजून अंथरुणात लोळतंय. उद्या पूर आला, वीज गेली, फोन बंद पडले, तर एवढा एकच धागा शिल्लक राहील, असं त्या म्हणायच्या. धागा म्हटलं की मामांना पटायचं.

मामांनीही परवान्याची परीक्षा दिली होती. मामींनी दामटून बसवलं म्हणून दिली आणि पासही झाले. पण माईक हातात आला की तोंडात मिठाची गुळणी. मामी हसून म्हणायच्या, "आमच्या ह्यांचा परवाना फक्त ऐकण्याचा आहे."

मग मामींची फुप्फुसं खराब झाली. शेवटचे महिने ऑक्सिजनच्या नळीवर, घरीच काढले. त्या गेल्यावरही मामा सकाळी सेट लावायचे. लोकांचे आवाज खोलीत यायचे, कुणी चहा पितापिता बोलायचं, कुणी खोकायचं. त्यात मामींचा आवाज नसायचा, पण खोली अगदीच मुकी नसायची.

क्लबचे सचिव दातांचे डॉक्टर. माणूस भला, पण बोलणं दात उपटल्यासारखं, एका झटक्यात. एक दिवस येऊन म्हणाले, "मामा, सेट क्लबचा आहे. संकटाच्या वेळी त्यावर बोलणारा माणूस पाहिजे, नुसता ऐकणारा नाही. रविवारी सराव आहे. त्यात तुम्ही बोला. जमलं तर सेट इथेच. नाही जमलं तर मी दवाखान्यात नेतो. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटायचं ते वाटलंच. सेट गेला तर शिवणयंत्र थांबल्यावर त्या घरात ऐकण्यासारखं काही उरणार नव्हतं. मामा म्हणाले, "बोलीन."

सरावाचा एक नियम होता आणि तो मामींनीच घालून दिला होता. प्रत्येक निरोपाच्या आधी 'सराव' म्हणायचं आणि शेवटीही 'सराव' म्हणायचं. ज्या निरोपात तो शब्द नाही तो खरा धरायचा आणि हातातलं टाकून धावायचं.

रविवारी सगळे हातातले छोटे सेट घेऊन आपापल्या जागी बसले. वीज नाही, फोन नाही, असं धरून चालायचं होतं. क्लबच्या खोलीत डॉक्टर. कोणी कधी बोलायचं ते त्यांनी ठरवायचं, त्याला 'ताबा' म्हणत. इस्पितळाच्या दारात सिस्टर आणि त्यांच्यासोबत टॅक्सीवाला. बेकरीत बेकरीवाला, कारण लोकांना आसरा द्यायची जागा म्हणून बेकरी ठरली होती. प्रत्येकाला डॉक्टरांनी एक बंद चिठ्ठी दिली होती, तिच्यात एक काल्पनिक संकट. नाव पुकारलं की चिठ्ठी उघडायची आणि बोलायचं.

"मामा, तुमचा निरोप द्या. ओव्हर."

मामांनी चिठ्ठी उघडली. 'तिसरा मजला. घरात एक पेशंट. श्वास लागला आहे. ऑक्सिजन संपत आला आहे. मदत हवी.'

डॉक्टरांनी चिठ्ठ्या एका बैठकीत खरडल्या होत्या. कुठली कुणाकडे गेली ते पाहिलं नव्हतं.

मामांनी बटण दाबलं. "तिसरा मजला. घरात... घरात पेशंट आहे. श्वास लागलाय हो तिला. सिलिंडर संपत आलाय. कुणीतरी या. लवकर या."

बटण सुटलं. मग डॉक्टर, "मामा, परत सांगा." मामा चिठ्ठीकडेच बघत राहिले.

टॅक्सीवाला मधेच घुसला. "डॉक्टर, मामा सराव म्हणाले नाहीत."

"मीही ऐकलं," डॉक्टर म्हणाले. "असली एक चिठ्ठी होती खरी, पण शब्द नाही म्हणजे खरं धरायचं. कोणी पाहुणी आली असेल का घरी?"

"ते जाऊन बघू ना! सिस्टर, सिलिंडर घ्या!"

आता मामा भानावर आले. त्यांनी बटण दाबून "नाही, नाही, थांबा" म्हटलं, पण त्याच वेळी आणखी कुणीतरी बोलत होतं. दोघं एकदम बोलले की सेटमधून नुसती किंचाळी येते, शब्द कुणाचाच पोचत नाही. मामा पुन्हा ओरडले तेव्हा बेकरीवाला हाका मारत होता, पुन्हा तीच किंचाळी.

थोड्याच वेळात जिन्यात धडधड झाली. पुढे सिस्टर, मागे टॅक्सीवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन, त्याच्या मागे डॉक्टर.

"पेशंट कुठे आहे?" सिस्टरनी विचारलं.

"पेशंट नाही," मामा म्हणाले. "सराव म्हणायचं राहून गेलं."

टॅक्सीवाल्याने सिलिंडर खाली ठेवला आणि त्याच्याच शेजारी फतकल मारली. "अहो मामा, तीन मजले! आता तो ऑक्सिजन मलाच लावा."

सिस्टर हसल्या नाहीत. "तुम्ही 'तिला' म्हणालात," त्या हळूच म्हणाल्या.

डॉक्टरांनी टेबलावरची चिठ्ठी उचलून वाचली आणि त्यांचा चेहरा पडला. "हे मी लिहिलंय. तुमच्याकडे द्यायला नको होतं. माझं लक्षच नव्हतं." त्यांनी चिठ्ठी खिशात घातली. "पण मामा, खोटा निरोप हवेवर गेलाय. अजून कुणी धावत असेल. दुरुस्ती सांगायला हवी."

"तुम्हीच सांगा ना."

"ज्याने निरोप दिला त्यानेच तो मागे घ्यायचा. आवाज तोच पाहिजे, नाहीतर लोक विश्वास ठेवत नाहीत."

मामांनी माईक घेतला. "सराव. मघाचा निरोप सरावाचा होता. शब्द राहून गेला, चूक माझी. घरात पेशंट..."

अंगठा बटणावरच होता. मामी गेल्याचं लोकांनी त्यांना सांगितलं होतं, येऊन येऊन सांगितलं होतं, आणि त्यांनी दर वेळी मान हलवली होती. स्वतःच्या तोंडाने एकदाही म्हटलं नव्हतं.

"घरात पेशंट नाही," मामा म्हणाले. "आता कोणी नाही. येऊ नका. सराव."

सेट खरखरला. बेकरीवाला होता. "ऐकलं मामा. जीव भांड्यात पडला. पण बाकीचे कुठे तडमडलेत? ताबा कुणाकडे आहे? मघापासून हाका मारून घसा बसला माझा. भट्टीत पाव आहेत म्हणून मी हललो नाही, नाहीतर आख्खा क्लब तुमच्या जिन्यात मावला नसता. ओव्हर."

सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. ताब्यावरच्या माणसाने काही झालं तरी जागा सोडायची नसते, आणि तेच सगळ्यांसारखे उठून धावले होते.

"काय डॉक्टर," टॅक्सीवाला म्हणाला, "दातखिळी बसली वाटतं?"

"पळा," डॉक्टर म्हणाले. "सगळे आपापल्या जागी. मामा, मी पोचेपर्यंत ताबा तुम्ही बघा."

"मी?"

"मग कोण, शिवणयंत्र?" आणि ते जिना उतरायलाही लागले.

इकडे बेकरीवाला सुरूच. "माझ्याकडे चाळीस माणसं आलीत आणि प्यायला पाणी नाही."

"आधी सराव म्हण," मामा म्हणाले.

"अरे हो. सराव! चाळीस माणसं, पाणी नाही, त्यात एक बाळंतीण. सराव."

"सराव. चाळीस माणसं. पाणी नाही. एक बाळंतीण. बरोबर? सराव, ओव्हर." गिऱ्हाइकाची मापं परत म्हणावीत तसंच मामांनी म्हटलं. छाती, कंबर, उंची.

"बरोबर. पण मामा, इतकं सावकाश? तोवर बाळ चालायला लागेल."

"घाईत कापलेलं जोडता येत नाही," मामा म्हणाले आणि त्यांनी सिस्टरना हाक दिली. सिस्टर रस्त्यातच होत्या, हातातल्या छोट्या सेटवर बोलल्या. बाळंतिणीसाठी इस्पितळात खाट आहे. मामांनी ते परत म्हणून पुढे कळवलं. टॅक्सीवाल्याला पाण्याच्या टाकीकडे पिटाळलं. तो कुरकुरला, मामांनी ती कुरकुर काही परत म्हटली नाही.

थोड्या वेळाने डॉक्टरांचा आवाज आला, धापा टाकत. "मामा, पोचलो खोलीवर. रस्ताभर ऐकत आलो. आज ताबा तुमच्याकडेच राहू दे. आणि सेटही तुमच्याकडेच राहील, मी न्यायला येत नाही." मग एक दम घेऊन म्हणाले, "हा निरोप सराव नाही. ओव्हर."

मामांनी बटण दाबलं. पलीकडे सगळे वाट बघत होते.

"सराव. टॅक्सी," ते म्हणाले, "पाणी कुठवर आलं? सराव."