नागली कुठली?

मला नको तिथे माहिती सांगायची खोड आहे. तलाठी भरतीचा अभ्यास सुरू केल्यापासून ती वाढली. जेवताना मी मध्येच सांगणार की चिकू मूळचा मेक्सिकोकडचा. अमृत, म्हणजे माझा नवरा, हसून सोडून देतो. सासूबाई मात्र ताटातून मान वर करून विचारतात, "मग घोलवडच्या वाड्या काय मेक्सिकोत हायेत?"

माझं माहेर आगरचं, समुद्रावरचं. आई आशागडच्या बाजारात सुकी मासळी विकते. लग्न करून गंजाडला आले तेव्हा मला भाताचं रोप आणि गवत यांतला फरक कळत नव्हता. दोन वर्षांत लावणी शिकले, कापणी शिकले, विळ्याने बोट कापून मुकाट्याने काम करायलाही शिकले. सासूबाईंनी, जयवंती त्यांचं नाव, कधी तोंडावर कौतुक केलं नाही; पण माझ्या हातची सुक्या बोंबलांची चटणी मागून घ्यायच्या. मला वाटलं, जमलं आपलं.

दिवाळीनंतर नागली, म्हणजे नाचणी, घरात आली. आमच्या घरी नव्या धान्याची पहिली भाकरी देवापुढे आणि वाडवडिलांपुढे ठेवतात; तोवर कुणी दाणा तोंडात घालत नाही. त्या दिवशी भाऊबंद जेवायला येतात आणि ती भाकरी घरची सून थापते. गेल्या वर्षी मी नवखी होते, म्हणून सासूबाईंनीच थापली. ते मला पटलं होतं. यंदा मी महिनाभर सराव केला होता. मला ती भाकरी थापायची होती, बस. कुणी सोन्याची बांगडी देऊ केली असती तरी नको म्हटलं असतं. निदान त्या दिवसापुरतं तरी.

सकाळी आंघोळ करून चुलीपाशी बसले आणि परात पुढे ओढली. सासूबाईंनी ती माझ्यापुढून उचलून नवशीपुढे ठेवली. नवशी माझी चुलत जाऊ, पलीकडच्याच गावची.

"नव्याला बाहेरचा हात नको," त्या म्हणाल्या. "तू मिरच्या निवड."

मी ओट्यावर बसून मिरच्या निवडल्या. रडू येत होतं, त्याचा दोष मिरच्यांवर ढकलता आला एवढंच बरं.

दुपारी पंगत बसली. मी वाढत होते. नारूकाका, घरातले सगळ्यांत वडीलधारे, भाकरी मोडत म्हणाले की नागलीसारखं आपल्या मातीतलं अन्न दुसरं नाही. झालं. माझी जीभ सुटली.

"काका, नागली आफ्रिकेतली. काही हजार वर्षांपूर्वी तिकडून आली. मिरची अमेरिकेतली, ती पोर्तुगीजांनी आणली. देवापुढे ठेवलंय ते सगळं बाहेरचंच आहे."

मला वाटलं होतं सासूबाई चिडतील. भांडायला मी तयारच होते. पण त्या चिडल्या नाहीत. त्यांचा चेहरा नुसता उतरला आणि त्या आत निघून गेल्या. बोललेलं खरं होतं, तरी माझी मलाच लाज वाटली.

अमृत संध्याकाळी म्हणाला की खरं बोललीस, पण पंगतीत बोललीस. मला ते कळत होतं. तरी माफी मागायला जीभ उचलेना. एरवी ती आवरत नाही. तीन दिवस आम्ही कामापुरतं बोललो.

चौथ्या दिवशी सासूबाई खळ्यात एकट्याच बसल्या होत्या. पुढच्या पेरणीसाठी कणसं निवडायचं काम चाललं होतं. मी पाणी घेऊन गेले, तर माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं की ती आफ्रिका किती लांब आहे. मी सांगितलं, आगरच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर जो समुद्र दिसतो, त्याच्या पार.

"म्हंजे होडीतून आली?"

"बहुतेक."

"कोनी आनली?"

"त्याची कुठे नोंद नाही, आई."

त्यांनी दोनचार कणसं चोळून पाहिली. मग म्हणाल्या, "बाईच असंल. बाप्याला वाटंत भूक लागली असती तर बियानं खाऊन मोकळा झाला असता."

मला हसू फुटलं. त्या हसल्या नाहीत.

"परक्या गावात आली असंल ती," त्या हळूच म्हणाल्या. "कोनी तरी तिला पेरायला जागा दिली, म्हनून आपन खातो."

"आई, त्या दिवशी मी..."

"चुकलीस. मी पन." त्यांनी कणसांचा ढीग माझ्याकडे सरकवला. "बस. यंदाचं बियानं तू निवड."

मी खाली बसले. भाकरी बिघडली तर दुसरी थापता येते. बी चुकलं तर पुढच्या वर्षी घरात नागलीच नाही, आणि आजवर हे काम त्यांनी नवशीला काय, सख्ख्या लेकीलाही करू दिलं नव्हतं. मी भरलेलं एक कणीस उचललं आणि बियाण्यासाठी बाजूला ठेवलं. सासूबाईंनी ते हातात घेऊन फिरवून पाहिलं, आणि होतं तिथेच परत ठेवलं.