मेलेल्यांचा माग

तिने फ्रीझरच्या तळातून दोन कुप्या उचलल्या आणि हातमोज्यात घट्ट धरल्या. एकीवर 'दूध' लिहिलेलं, दुसरीवर 'रस'. अक्षर तिचंच, सहा वर्षांपूर्वीचं.

"ह्या यादीत नाहीत," सहकारी म्हणाला.

"माझ्या घरच्या आहेत."

त्याने हातातली यादी मिटली. तिची लेक ठमी पोट बिघडून चार दिवसांत गेली, हे प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. आजारी पडण्याच्या आदल्या दिवशी ठमी सासूबाईंनी तापवलेलं दूध प्यायली होती आणि हिनेच गाडीवरून आणलेला फळांचा रसही. तेव्हा तिने दोन्हींच्या उरलेल्या थेंबांचे नमुने काचेच्या बशीत वाढवून पाहिले. पाच दिवस थांबूनही काही उगवलं नाही. बशीत फक्त जिवंत जंतू वाढतात, नमुना तपासेपर्यंत मेलेले मुके. पण संशयाला कुठे पुरावा लागतो? दूध नीट उकळलं नसणार, असं म्हणून तिने खापर सासूबाईंवर फोडलं. तेव्हापासून एका छपराखाली कामापुरतं बोलणं. त्यांनी तापवलेल्या दुधाचा चहाही तिने घेतला नव्हता.

नवं यंत्र जंतूंच्या जनुकांचाच माग काढतं. "मढ्यालाही बोलतं करतं," सहकारी पहिल्या दिवशी थट्टेने म्हणाला होता. आज तो उठून बाहेर गेला.

पाऊण तासाने पडद्यावर दुधाची रेघ तळाशीच पडून होती. रसाची मात्र मध्येच उठली आणि सरळ वर गेली. तिने पुन्हा चाचणी लावली. पुन्हा तेच. ती पिशवी उचलून निघाली.

घरी सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"दुधात काही नव्हतं," ती दारातूनच म्हणाली. "रसात होतं. मी आणलेल्या."

सासूबाईंनी हातातल्या टॉवेलची घडी पुरी केली.

"ठाऊक आहे. त्यातला घोटभर मीही घेतला होता. तुम्ही दोघी इस्पितळात होतात, इथे माझंही पोट दोन दिवस उलटत होतं. दुधाला मी शिवत नाही. माझा तर चहाही कोरा."

"मग बोलला का नाहीत, आई?"

"काय बोलायचं? माझ्यावर रागावून का होईना, तू उठत होतीस, जेवत होतीस."

ती भिंतीला टेकून खाली बसली. तिला रडूही येईना. सासूबाईंनी शेजारची घड्यांची चळत उचलून पलीकडे ठेवली आणि जागा करून दिली.