आधी चहा, मग वजन

बूमचे, म्हणजे क्रेनच्या लांब हाताचे, टप्पे चार, चाकं दहा, आधाराचे पाय चार, हुक एक. शिवाय केबिनच्या खिडकीवर बाबांच्या कोपराने झिजवलेली वीतभर जागा. लेकीने सगळं मोजून वहीत लिहिलं. आज क्रेन तपासणीत नापास झाली, तर उद्या भंगारात जाणार होती.

"ही आली तेव्हा तू रांगत होतीस," बाबा म्हणाले. तीस वर्षं तेच ती चालवत होते. "त्याआधी बूम म्हणजे लोखंडी जाळीचे तुकडे. चौघांनी जमिनीवर जोडत बसायचं, अर्धा दिवस त्यातच. हिने पहिल्यांदा एकातून एक टप्पे बाहेर काढले, तेव्हा फोरमनची विडी तोंडातच विझली. दोन मिनिटांत काम फत्ते!"

"काका, आठवणी मागाहून. बूम काढा, वजन टांगा," तपासनीस म्हणाला.

वजन वर गेलं, इंजिन बंद झालं. दहा मिनिटांत वजन दहा मिलिमीटरपेक्षा जास्त उतरायला नको होतं. उतरलं एकोणीस.

"आतून तेल गळतंय. म्हातारी थकली."

"म्हातारी ठणठणीत आहे, तुम्हालाच घाई. बूम काढली की आधी चहा, मग वजन."

"तुमचा चहा साऱ्या यार्डाला ठाऊक आहे, काका!"

आईसुद्धा त्या चहावरून टोमणे मारायची. लेकीलाही तो बाबांचा आळसच वाटायचा. आज मात्र तिने तेलाच्या नळीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. चटका! बूम बाहेर रेटताना तापलेलं आणि तिला धरून ठेवणारं हे तेल निवताना आकसणार, बूम आत सरकणार, वजन खाली येणार. तिने वहीत हिशेब मांडला: तेलाचा स्तंभ दहा मीटर, एक अंश निवला की सुमारे सात मिलिमीटर आखूड. वही तिने तपासनिसापुढे धरली. त्याने ती दोनदा वाचली.

"बाबा, हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"हिनेच. एकदा तुळई बोटभर वर धरून मिस्त्रीची वाट बघत होतो. तो येईपर्यंत बाईसाहेब आपणहून खाली टेकल्या. तेव्हापासून चहा."

वजन उतरवलं. बूम तशीच बाहेर ठेवून तिघांनी दोन-दोन कप चहा घेतला. तासाभराने नळी हाताला गार लागली. बाबांनी केबिनमध्ये चढून बूम न हलवता नुसत्या दोरावर वजन उचललं, इंजिन बंद केलं आणि कोपर त्या झिजल्या जागी टेकलं. लेकीने घड्याळ लावलं.

दहा मिनिटांत उतार: चार मिलिमीटर.