अर्धी चक्कर

"अहो, उठा आता! ताटावरच मुक्काम करताय की काय? चला, फिरून या," बायको म्हणाली आणि बूटही तिनंच पुढं सरकवले.

"तुम्ही कुणी येता का?"

"मला भांडी, पोरीला अभ्यास, आईंचे गुडघे. जा तुम्ही. आणि अर्ध्यातून परतू नका!"

बसड्रायव्हर हसत खाली उतरला. अख्खा जन्म सीटवर गेलेला माणूस. पोट पार स्टिअरिंगला टेकलेलं. डॉक्टरनं सरळच सांगितलं होतं, तळण बंद, साखर बंद, उजेडात जेवायचं आणि मग चालायचं, नाहीतर गाडी विसर. हा घरी येऊन मान खाली घालून बसला. तेव्हा बायको म्हणाली, "तुमच्या ताटात जे, तेच आमच्याही." म्हातारी आईसुद्धा म्हणाली, "माझंही उकडलेलंच टाक गं." त्या दिवशी हा बाप्या मोरीत जाऊन रडला. मग डेपोत काय, घरात काय, ज्याला त्याला छाती काढून ऐकवायचा, "माझं घर बघा! एकाच्या जिवापायी सगळी गाजरं चावतायत."

पण आज चालता चालता त्याला मघाचं जेवण आठवलं. म्हातारीनं ताटातलं गाजर नुसतं इकडून तिकडं ढकललं होतं. पोरगी दोन घासांत उठली होती. दुखणं आपलं, आणि शिक्षा त्यांना?

त्याचं ठरलं. आत्ताच्या आत्ता जाऊन सांगायचं, बायांनो, सुटलात तुम्ही. माझं मी बघतो, तुम्ही हवं ते खा. त्यांची तोंडं कशी उजळतील ते मनात आणून स्वतःशीच हसला, आणि जवळ पडतो म्हणून मागच्या जिन्यानं वर आला.

स्वयंपाकघराचं दार नुसतं लोटलेलं. आत कढई चरचरत होती.

"अगं, खिडकीतून बघ, कोपऱ्यावर दिसतात का?"

"नाही गं आई. बाबा दिसले की ओरडते. माझे बटाटे ठेव हां!"

"मला अजून दोन दे." हा आवाज त्याच्या आईचा. "मेलं ते गाजर, तोंडाची पार माती झाली."

"असं नाही बोलायचं, आई!" बायकोनं आवाज जाड केला. हुबेहूब त्याचा. "माझं घर बघा! एकाच्या जिवापायी..."

तिघी खदाखदा हसल्या. आई सगळ्यात जास्त.

दाराकडं गेलेला हात त्यानं मागं घेतला. खात होत्या, खाऊ देत की. तेच तर सांगायला आला होता तो. पण द्यायला आणलेली सुटका घ्यायला आत कुणी उरलंच नव्हतं.

तो चवड्यांवर जिना उतरला. वळसा घालून समोरच्या कोपऱ्यावर आला, खिडकीतून नीट दिसेल असा थोडा थांबला. मग पाय आपटत, खाकरत, सावकाश वर गेला.

घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या.

"झालं फिरून?" बायको पदराला हात पुसत म्हणाली.

"झालं. उद्यापासून दोन चकरा वाढवतो म्हणतो."

"एवढं दमायचं कशाला?"

"बरं वाटतं." तो वाकून बुटाची नाडी सोडत राहिला. गाठ तशी सैलच होती.

पोरीनं पाण्याचा पेला आणून दिला. पेल्यावर तिची चारही बोटं तेलकट उमटलेली. त्यानं पेला पुसला नाही. तसाच तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.