दुसऱ्यांच्या तोंडची चव

ज्या दिवशी सितारामला आपल्या तोंडची चव गेल्याचं कळलं, त्या दिवशी घरात सगळे खुशीत होते. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच त्याने आपल्या तोंडाने काही खायला मागितलं होतं.

"वैनी, येसराची आमटी करा."

सरजाबाई, त्याच्या थोरल्या भावाची बायको, चुलीकडे गेली ती पदराने डोळे पुसतच.

दुष्काळ सरून तिसरं वर्ष चाललं होतं. त्याची बायको रुख्मिणी आषाढात काविळीने गेली आणि सितारामने अंथरूण धरलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. ना जेवण, ना झोप. कोणी म्हणालं बाहेरचं आहे, कोणी म्हणालं करणी. पोळा झाल्यावर मेहुणा नागनाथ चारठाण्याहून आला आणि बखोटीला धरून त्याला परभणीच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरने मनाच्या गोळ्या दिल्या. दिवाळी झाली तसा तो उठून बसायला लागला, दाढी करायला लागला, कापूस वेचणाऱ्या बायांच्या मागे रानात जायला लागला. तोंड कोरडं पडायचं, पण पाणी प्यायलं की झालं.

आमटीला लावायचं हे येसराचं पीठ रुख्मिणीने स्वतः केलेलं. उन्हाळ्यात गहू, हरभऱ्याची डाळ, धने भाजून, करडीच्या तेलात दगडफूल तळून तिने जात्यावर दळलं होतं, वर्षाची बेगमी म्हणून. प्रत्येक घरचं येसर निराळं. तिचं माहेरच्या वळणाचं. माणूस गेलं, पण बरणीत तिचा हात शिल्लक होता.

नागनाथ त्या दिवशी आलेलाच होता. पंगत बसली. त्याने भाकरी कुस्करली, आमटी ओतून घेतली, एक घास खाल्ला आणि डोळे मिटून घेतले.

"दाजी, अक्काच हाय ही. वाटतंय, आता चुलीपुढून हाक मारंल."

सितारामने घास घेतला. तोंडात लोखंड. गंजक्या विळ्याला जीभ लावावी तसं. त्याने वाटी नाकाशी धरली. आमटीचा सोडा, चुलीतल्या धुराचाही वास येईना. मीठ मागितलं, तिखट मागितलं. लोखंड ते लोखंडच.

शेजारी नागनाथ बोटाने वाटी निपटत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. सितारामला वाटलं, हे पाणी माझं आहे. हा माझ्या वाटणीचं रडतो आहे.

"आजून जराशी वाढा, सरजाताई," नागनाथ म्हणाला.

"पुरे की आता. समदं आजच संपवतूस का?" सिताराम म्हणाला.

पंगत हसली. त्यांना ती थट्टा वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याने बरणीत बोट घालून कोरडंच येसर चाखलं. माती. आपण पडून असताना पावसाळाभर बरणी शेजारी सरजाबाईच्या घरात होती हे त्याला आठवलं, आणि डोक्यात एकच गोष्ट बसली.

"वैनी, हे रुख्मिणीचं येसर न्हाई."

"मंग कुणाचं हाय?"

"तुमचं. तिचं तुमी संपवलं आन् आपलं भरून ठेवलं."

सरजाबाईने हातातलं सूप खाली ठेवलं. "भावजी, मी येसरात दगडफूल घालत न्हाई, हे समद्या गावाला ठावं हाय. लग्नकार्याला लोक माझं सोडून तिचं न्यायचे, तवा मला लय झोंबायचं, खोटं कशाला बोलू? पर मेलेल्या जावेचं चोरायला मी काय भिकारीण हाय? वास घ्या की! नाक हाय न्हवं तोंडावर?"

मला वास येत नाही, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण ते त्याच्या तोंडून निघेना. ज्याची बायको गेली त्यालाच ती वासाला सापडू नये आणि बाकी गावाला सापडावी, हे कोणाला सांगायचं? तो बरणी उचलून आपल्या घरी घेऊन गेला आणि पेटीत कुलूप लावून ठेवली. तेव्हापासून सरजाबाई ताट पाठवायची, पण बोलायची नाही.

दुपारी रानात बाया फडकी सोडायच्या. "अगं बया, ठेचा लय झणझणीत झालाय!" असं कोणी म्हटलं की सिताराम उठून लांब बांधावर जाऊन बसायचा. बैलाने कडब्यात नाक खुपसून फुरफुर केली तरी त्याला बैलाचा राग यायचा.

गोळ्या संपल्या तसा तो एसटीने परभणीला गेला. या खेपेला त्याने डॉक्टरला सगळं सांगितलं.

"गोळ्यांमुळे होतं काही जणांना," डॉक्टर म्हणाले. "तोंडाला लोखंडासारखी चव येते, वास मंदावतो. आधी का नाही सांगितलंत?"

"परत येईल का, सायेब?"

"बहुतेक येईल, गोळ्या कमी केल्या की. पण आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, पुन्हा अंथरुणाला लागाल. उन्हाळ्यापर्यंत तरी घ्या."

"तवर येसराचा वास टिकंल का?"

डॉक्टर पुण्याकडचे. त्यांनी विचारलं, "येसर म्हणजे काय?"

सिताराम उठला. वास टिकेल का, हा प्रश्न सरजाबाईला विचारण्यासारखा होता, आणि तिला त्याने चोर ठरवलं होतं.

बरणीतलं येसर खरंच रुख्मिणीचं आहे, हे आता त्याला कळलं होतं. त्याने जीव शांत व्हायला हवा होता. उलट जास्तच जळायला लागला. आता बरणीकडे कोणी बघितलेलंही त्याला खपत नव्हतं.

संक्रांतीच्या आसपास नागनाथ पुन्हा आला. बसलासुद्धा नाही.

"दाजी, माय लय बिमार हाय. काहीच खाईना. अक्काच्या येसराची आमटी पायजे म्हणून मागायलीय. मूठभर द्या."

सितारामला म्हातारी दिसली. घोंगडीवर पडलेली, ओठाशी वाटी लावलेली. एका घोटात लेक तिच्याजवळ येणार. आपण एवढ्या गोळ्या गिळून, एवढी वाट बघून बसलोय, आणि तिला एका घोटात.

"संपलं," तो म्हणाला.

"समदं?"

"तूच न्हाई का वाटी चाटूनपुसून खाल्लीस?"

नागनाथ कसनुसा हसला. "खरं हाय. मीच आदाशागत खाल्लं," असं म्हणून तो पायरी उतरला आणि एसटी गाठायला निघाला. सितारामने त्याला हाक मारली नाही.

सासू अजून आहे, तशीच अंथरुणावर. चारठाण्याची एसटी रोज सुटते. सिताराम सांगितल्याप्रमाणे गोळ्या घेतो. सरजाबाईची माफी मागायची राहिली आहे, आणि म्हातारीला मूठभर येसर पोचवायचं राहिलं आहे.