शेवटच्या डब्याची पाटी

साहेबांची जीप फाटकापाशी आली तीच चुकीच्या बाजूने, आणि फाटकवाली बाई हातातलं काम टाकून खिडकीशी आली. एरवी साहेब फाटकाच्या खोलीला लागून जीप अशी लावत की भिंत आणि चाक यांच्यात बरोबर एक वीत जागा उरावी. आज जीपने बाईचं पाण्याचं पिंप आडवं केलं आणि साहेब त्या सांडलेल्या पाण्यातून बुटांसकट खोलीत आले.

"फाटक कधी बंद केलंस?"

"अकरा एक्केचाळीसला. मालगाडी मागच्या स्टेशनातून सुटलीय, साहेब."

साहेबांनी मान डोलावली, आणि ती जरा जास्तच वेळ डोलत राहिली. तोंडात पेपरमिंटची गोळी होती. त्या गोळीला न जुमानता दारूचा भपका बाईपर्यंत पोचला. दुपारचे बारासुद्धा वाजले नव्हते.

हे साहेब म्हणजे या मार्गावरच्या अकरा फाटकांचे निरीक्षक. दर पंधरा दिवसांनी यायचं, वही तपासायची, झेंडे-दिवे बघायचे आणि सही ठोकून पुढच्या फाटकावर जायचं, हे त्यांचं काम. सगळे फाटकवाले पाठीमागे त्यांना पाटीसाहेब म्हणत, कारण आल्या आल्या त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "पाटी पाहिलीस?" गाडीच्या शेवटच्या डब्यामागे एक लाल पाटी असते. ती दिसली म्हणजे गाडी अख्खी गेली. नाही दिसली, तर मागचे काही डबे तुटून रुळावर राहिलेले असू शकतात आणि केव्हाही फाटकात येऊन धडकू शकतात. तेव्हा पाटी दिसली नाही तर फाटक बंद ठेवायचं, स्टेशनला कळवायचं, आणि गाडी पुढे पूर्ण पोचल्याचा निरोप येईपर्यंत कुणाच्या बापासाठीही उघडायचं नाही.

चार वर्षांपूर्वी बाईचा नवरा तापाने गेला. तो इथलाच फाटकवाला. त्याच्या जागी हिला घ्यावं म्हणून पाटीसाहेबांनी कचेरीचे उंबरठे झिजवले, आणि घेतल्यावर महिनाभर रोज शेजारी उभं राहून काम शिकवलं. "पाटी दिसली की मोठ्याने म्हणायचं, पाटी पाहिली. मनात नाही. मनातल्या मनात माणूस स्वतःला काहीही पटवतो." तेव्हापासून बाई दिवसातून बावीस वेळा रिकाम्या रुळांना ओरडून सांगायची, पाटी पाहिली. लेक हसायची तिला.

साहेब का पितात, याची लोक दहा कारणं सांगत. पण पितात संध्याकाळी, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत होतं. गेल्या महिन्यात जीपच्या अंगावर लांबलचक ओरखडा होता. "खांब मध्ये आला," साहेब म्हणाले होते. खांब कधी मध्ये येत नसतो, हे बाईला कळत होतं, तरी तिने चहाचा कप पुढे केला आणि विषय बदलला. तो कप आज तिला आठवला आणि स्वतःचाच राग आला.

"साहेब, जरा पडा ना बाकावर. ऊन फार झालंय."

"अजून चार फाटकं राहिलीत."

"मग जीप राहू द्या इथे. बर्फवाला तिकडेच चाललाय, तो सोडेल तुम्हाला."

"म्हणजे मला गाडी येत नाही?" साहेबांचे डोळे तांबारले. "पोरी, तुझ्या नवऱ्याला सायकलसुद्धा मी शिकवली!"

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. साहेबांना जायचं होतं फाटकापलीकडे. तिकडचा रस्ता सरळ उतरत जातो, आणि उतार संपतो तिथे शाळा. बाराला लहान वर्ग सुटतात आणि पोरं पाटाचं पाणी सोडावं तशी रस्त्यावर येतात. बाईची लेकही त्याच शाळेत. पण खरं सांगायचं तर त्या घटकेला तिला लेक आठवली नाही. तिच्या डोळ्यांसमोर होतं ते आडवं झालेलं पिंप.

पिंप उचलायचं निमित्त करून ती बाहेर आली. येताना जेवणाच्या डब्याची पिशवी घेतली. फाटकाशी थांबलेल्या गाड्यांच्या रांगेत पहिला बर्फवाल्याचा टेंपो होता, खालून टपटप गळत होता.

"वहिनी," बर्फवाला हळूच म्हणाला, "तुमचे साहेब चौकापासून रस्ता मोजत आलेत. दोन्ही बाजूंनी."

"मग कुणाला कळवलंस?"

"आपण कशाला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा?"

बाईने पिंप सरळ उभं केलं. ती खोलीच्या मागे गेली आणि पिशवीतून मोबाइल काढला. कामावर मोबाइल वापरायला सक्त मनाई होती. तशी सूचना खोलीत डकवलेली होती, आणि ती साहेबांनीच स्वतःच्या हाताने डकवली होती.

"आपत्कालीन सेवा, बोला." पलीकडेही बाईमाणसाचाच आवाज होता.

"एक माणूस दारू पिऊन गाडी चालवतोय. म्हणजे आत्ता बसलाय, पण थोड्या वेळात निघेल."

पलीकडून ठिकाण विचारलं, जीपचा नंबर, रंग, कोणत्या दिशेने जाणार. बाईने सगळं सांगितलं. "प्यायलेत हे कशावरून म्हणता?"

"वास येतोय. गाडी उलट्या बाजूने आणली. पिंप पाडलं. पाय ठरत नाहीयेत." पाहिलं तेवढंच तिने सांगितलं, वर एक अक्षर नाही.

"ओळखता का त्यांना?"

"माझे साहेब आहेत."

पलीकडे टाइप करण्याचा आवाज क्षणभर थांबला. "तुमचं नाव नाही सांगितलं तरी चालेल, ताई."

बाईला अशा वेळीही हसू आलं. या फाटकावर माणूस एकच. लपून लपणार कुठे? तिने नाव सांगून टाकलं.

"गाडी पाठवतेय. पंधरा मिनिटं तरी लागतील. तुम्ही स्वतः त्यांना अडवायला जाऊ नका."

"मी कशाला अडवतेय? फाटक आहे ना," बाई म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने हिशेब केला. अकरा सत्तेचाळीस झाले होते. मालगाडी सहा मिनिटांत येणार. म्हणजे फाटक अडवणार सहाच मिनिटं, आणि पोलीस येणार पंधरा मिनिटांनी.

मालगाडी वेळेवर आली. नको तेव्हा गाड्या वेळेवरच येतात. बाई हिरवा झेंडा धरून उभी राहिली. डबे धडधडत जात होते आणि तिला वाटत होतं, अजून थोडे असावेत. शेवटचा डबा गेला. त्याच्या पाठीवर लाल पाटी होती, स्वच्छ दिसली, कोपऱ्यात पोचा आलेलासुद्धा दिसला. सवयीने तिचं तोंड उघडलं. "पाटी" एवढं बाहेर पडलं आणि पुढचं तिने गिळलं.

साहेब दारात उभे होते, बोटात जीपची चावी गरगर फिरवत. "चल, उघड."

"साहेब, पाटी दिसली नाही."

चावी फिरायची थांबली.

"काय म्हणालीस?"

"शेवटच्या डब्यावर पाटी नव्हती."

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी दाराची चौकट धरली, पाठ सरळ केली आणि चावी खिशात टाकली. "फोन कर स्टेशनला. उघडू नकोस. कुणासाठी नाही. मी म्हटलं तरी नाही, कळलं?"

बाईने फोन केला. स्टेशनमास्तरांनी दोनदा विचारलं, "नक्की ना, बाई?" ती दोनदा म्हणाली, नक्की. त्या एका शब्दावर समोरून येणारी पॅसेंजर गाडी सिग्नलला थांबवली गेली. आपण काय करून बसलोय हे तिला पुरतं ठाऊक होतं. हे खोटं उघडं पडलं की नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर मिळालेल्या दोन खोल्याही. लेकीला घेऊन जायचं कुठे, हा प्रश्न तिच्यापुढे आ वासून उभा राहिला.

साहेब मात्र बाहेर जाऊन आडव्या दांड्यापुढे हात पसरून उभे राहिले होते. रांगेत भोंग्यांचा नुसता गोंगाट चालला होता. एक स्कूटरवाला खालून घुसायला लागला तसं साहेबांनी त्याचं हँडल धरलं. "मागे हो! रुळावर डबे असतील! मरायचंय का?" त्या झटापटीत ते गुडघ्यावर पडले, पँट फाटली, पुन्हा उठून उभे राहिले. पाय लटपटत होते, पण आवाज असा कडक होता की स्कूटरवाला मुकाट्याने मागे सरला.

"पाहिलंस?" साहेब बर्फवाल्याला ऐकू जाईल असं म्हणाले. "भरधाव गाडीमागे पाटी नाही हे टिपलं पोरीने. मी शिकवलंय तिला."

धरणीने पोटात घ्यावं असं बाईला झालं. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं.

बारा वाजले. उताराखालून शाळेची घंटा ऐकू आली. बाईने खिडकीतून रस्ता पाहिला, रांगेखेरीज काही दिसेना. बर्फाच्या पाण्याचा ओहोळ पार रुळांपर्यंत पोचला होता. बारा वाजून दोन मिनिटांनी फोन खणखणला.

"गाडी पूर्ण पोचली," मास्तर म्हणाले. "पाटी आहे, बाई. चांगली ठसठशीत आहे." पुढे त्यांनी सांगितलं, "फाटक उघडायच्या परवानगीचा नंबर लिहून घ्या."

तिने नंबर लिहून घेतला. साहेब दारात आले. "काय म्हणाले?"

दुसऱ्यांदा खोटं बोलायला तिची जीभ वळेना. "गाडी पूर्ण पोचली, साहेब."

"सुटलो बाबा!" साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला आणि खिशातून चावी काढली. "उघड मग. उशीर झाला."

पोरं एव्हाना रस्त्यावर आली असणार. बाईचं डोकं चालेना, आणि मग चाललं ते साहेबांनीच शिकवलेल्या वाटेने. "साहेब, आधी शेरा लिहायला हवा ना? तुमच्यासमोर घडलंय. वहीत तुमचा शेरा नको?"

साहेब थबकले. आयुष्यात एक शेरा त्यांनी बाकी ठेवला नव्हता. "हो. बरोबर बोललीस." ते टेबलाशी बसले आणि खिशातलं पेन शोधायला चावी टेबलावर ठेवली. बाईने जाडजूड वही उघडली आणि नेमकी त्या चावीवर ठेवली. साहेब वाकून लिहायला लागले, एकेक अक्षर कोरत.

बाई बाहेर जाऊन हँडल फिरवायला लागली. दांडे वर गेले, आणि पलीकडच्या रांगेत सहा गाड्यांच्या मागे तिला पोलिसांची गाडी दिसली. केव्हाची येऊन उभी होती बिचारी. बाईनेच अडवून ठेवली होती.

पोलीस दोघे होते, एक वयस्कर हवालदार आणि एक तरुण शिपाई बाई. ते खोलीत शिरले तरी साहेब लिहीतच होते.

"साहेब, यात जरा फुंका," हवालदार अदबीने म्हणाला.

"कशाला?"

"फोन आला होता."

साहेबांनी हवालदाराकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर उघड्या फाटकाकडे, मग बाईकडे. दारू चढली होती ती त्यांच्या पायांना. तीस वर्षांच्या कामाला ती चढली नव्हती.

"पाटी होती?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"होती, साहेब. कोपऱ्यात पोचा आलेली. मी पाहिली."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग त्यांनी काही हुज्जत न घालता त्या यंत्रात फुंकर मारली. हवालदाराने आकडा पाहिला आणि शिपाई बाईला दाखवला. मग साहेबांना गाडीकडे चलायची खूण केली. निघताना साहेब दारात अडखळले, शिपाई बाईने दंड धरला. मागे वळून न बघता ते म्हणाले, "वही पूर्ण कर."

ती गाडी दिसेनाशी होते न होते तोच पुन्हा मास्तरांचा फोन आला. "बाई, मी वर अजून काही कळवलं नाहीये. असं करा, डोळ्यात धूळ गेली म्हणून लिहा. कुणाच्याही जाते. कुणी तुम्हाला बोल लावणार नाही."

बाईने वहीकडे पाहिलं. साहेबांच्या ओळी उताराला लागल्यासारख्या खाली खाली गेल्या होत्या. 'पाटी न दिसल्याने फाटक बंद ठेवले. निरोप येईपर्यंत उघडले नाही. काम चोख. बक्षिसाची शिफा' आणि तिथेच पेन थांबलं होतं.

धूळ लिहिली की सगळं निभावणार होतं. पण उद्या खरोखरच पाटी नसली तर? ती फोन करील, सांगेल, आणि मास्तरांच्या मनात येईल, पुन्हा धूळ गेली वाटतं. अपघाताला तेवढा एक क्षण पुरतो.

"मास्तर, मी पाहिली होती पाटी. तसंच लिहिते."

"नोकरी जाईल, बाई."

"भीती वाटतेय मला," बाई म्हणाली. "पण लिहिते."

साहेबांच्या अर्ध्या शब्दाखाली तिने लिहिलं. 'अकरा त्रेपन्नला मालगाडी गेली. पाटी पाहिली. निरीक्षक साहेब दारू प्यायलेले होते आणि जीप घेऊन शाळेच्या रस्त्याने निघाले होते. पोलीस येईपर्यंत फाटक बंद राहावं म्हणून पाटी दिसली नाही असं मी खोटं कळवलं. कामावर मोबाइल वापरला.' खाली सही केली. वही उचलली तर खाली जीपची चावी तशीच होती. ती तिने खिळ्याला अडकवली.

बारा वाजून तेवीस मिनिटांनी, अडवून ठेवलेली पॅसेंजर आली. बाईने फाटक बंद केलं आणि झेंडा घेऊन उभी राहिली. खिडक्यांतून वैतागलेली माणसं तिच्याकडे बघत गेली. शेवटचा डबा गेला, मागे लाल पाटी होती.

"पाटी पाहिली," ती म्हणाली, पण आवाज घशातच राहिला. मनात म्हटलेलं चालत नाही, असं साहेबांनी सांगितलं होतं. तिने डोळे पुसले, घसा खाकरला, आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशी पुन्हा ओरडून म्हणाली, "पाटी पाहिली!"

मग ती फाटक उघडायला वळली.