उभं राहिलं की पडायचं

वृद्धाश्रमातल्या बायका पडायला लागल्या, तेव्हा अध्यक्षांनी आधी फरशीला दोष दिला. कुणी खुर्चीतून उठताना पडायची, कुणी पलंगावरून उतरताना. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, आणि धप्प. अध्यक्षांनी फरशी बदलली. बायका नव्या फरशीवरही तितक्याच मनापासून पडल्या. मग चपला बदलल्या. मग भिंतींना कठडे लावले आणि त्यांचं उद्घाटन झालं. टाळ्या वाजवायला उठलेली एक म्हातारी तिथेच कोसळली.

"भारावून गेल्या," अध्यक्ष म्हणाले.

सगळ्यांत जास्त पडायची ती सुई. जन्मभर शिवणकाम केलेली बाई, अंगाने बारीक आणि जिभेने टोकदार, म्हणून हे नाव. तपासायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिचा रक्तदाब आधी झोपवून मोजला, मग उभं करून. दुसरा आकडा पाहून त्यांनी तिला पटकन खाली बसवलं.

"जेवता काय तुम्ही?"

"सकाळी चहा-पाव. दुपारी सूप. त्यातून ताटलीचा तळ दिसतो, नक्षी छान आहे. संध्याकाळी तेच सूप, पाणी वाढवून."

"अंडी, दूध, डाळ?"

"पूर्वी ओळख होती."

डॉक्टरीणबाई तडक अध्यक्षांकडे गेल्या. "माणूस उभा राहिला की रक्त पायांकडे ओढलं जातं," त्या म्हणाल्या. "मानेतल्या धमनीला ते लगेच कळतं, ती मेंदूला कळवते, आणि शरीर आपोआप दाब सावरून धरतं. या बायकांच्या पोटात प्रथिनंच जात नाहीत. त्यांचं ते सावरणं बिघडलंय. फरशीला मारून काय उपयोग?"

"उतारवयात हलकाच आहार बरा," अध्यक्ष म्हणाले. "प्रथिनं काय, पैलवानांना लागतात."

पुढच्या महिन्यापासून आश्रमाला दुसरे डॉक्टर मिळाले. त्यांनी चपला पुन्हा बदलायला सांगितल्या.

अध्यक्षांच्या घरी तेव्हा सासू-सुनेचं बिनसलं होतं. बायको म्हणाली, "प्रत्येक भाषणात तुम्ही आश्रमाला स्वर्ग म्हणता. मग आईंना स्वर्गात पाठवायला काय हरकत आहे?" आई सामानासकट आश्रमात आल्या आणि सुईच्या शेजारचा पलंग त्यांना मिळाला.

आल्या तेव्हा त्या चांगल्या गुटगुटीत होत्या. काही महिन्यांत त्यांचे ब्लाउज सुईला आत घ्यावे लागले. एक दिवस मुलगा भेटायला आला, त्याला जवळ घ्यायला त्या उठल्या आणि त्याच्या पायांशी पडल्या. त्या दिवसापासून आईंच्या ताटात झाकून अंडी आणि दूध येऊ लागलं. फक्त आईंच्या.

"खा, खा," सुई दर घासाला म्हणायची. "आमच्याच ताटातून वाचवलंय लेकाने."

आईंनी दोनदा ते ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा ताट सरकवलं आणि मुलाला बोलावणं धाडलं.

"सगळ्यांना मिळत नसेल तर मला नको."

"आई, तू यात पडू नकोस."

"पडून झालंय माझं. उद्यापासून सगळ्यांना दे, नाहीतर मी घरी येते. कायमची."

बायकोचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि अध्यक्षांना उभ्याउभ्या घेरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात अंड्यांचे ट्रे उतरले. डाळीची पोतीही आली.

फरक एकदम पडला नाही. हळूहळू मात्र बायका कठडा सोडून चालू लागल्या. सुई जिना चढू लागली. अंगात जोर आला तशी भांडणंही आली. टीव्हीवरून झाली, खिडकीवरून झाली. आणि एका दुपारी सुई, आई आणि मागे पाच-सहा जणी थेट अध्यक्षांच्या खोलीत शिरल्या. आधीच्या डॉक्टरीणबाईंना परत बोलवा, असं त्यांचं म्हणणं होतं.

अध्यक्षांनी घाईघाईने खुर्च्या पुढे केल्या. "बसा ना, बसून बोलू."

"नको," सुई म्हणाली. "आम्ही उभ्याच बऱ्या. तुम्ही फोन लावा."